हात न टेकता

नोव्हेंबर आला की आम्ही चौघं बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगून येतो. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा तसा दाखला द्यावाच लागतो. आता तो मोबाईलवरही होतो, पण त्या निमित्ताने भेट होते म्हणून आम्ही मुद्दाम जातो. चौघंही जबलपूरच्या फॅक्टरीत एकाच वर्षी, एकाच विभागात लागलो: एक बंगाली दादा, एक सरदारजी, एक जबलपूरजवळच्या कुंडमच्या जंगलाकडचा गोंड आदिवासी आणि मी, मूळचा वर्ध्याकडचा. दाखला झाला की जेवण आमच्या घरी, आणि तेही जमिनीवर पंगत मांडून. हा माझ्या बायकोचा नियम आहे.

जेवण झाल्यावर हात न टेकता कोण उठतं, हे मी दर वर्षी बघतो. नोकरीभर मी तपासनीस होतो. तयार तुकडा मापात बसतो की नाही ते पाहायचं आणि पास करायचा. निवृत्तीनंतर तुकडे संपले आणि ती खोड माणसांवर आली. ही म्हणते, "लोकाईले जेवू तर द्या सुखानं. काहून टक लावून पाहून राहिले?"

पण मला खरंच कुतूहल होतं. सगळी नोकरी आम्ही एकच भोंगा ऐकला, एकाच कँटीनचा चहा प्यालो, एकाच भट्टीची धग अंगावर घेतली. मग म्हातारपण प्रत्येकाचं इतकं वेगळं कसं? सरदारजी तरुणपणी दोघांनी उचलायची पेटी एकटा उचलायचा. आता त्याचे गुडघे गेलेत, तरी हट्टाने खालीच बसतो आणि उठवायला दोघं लागतात. मला साखर आणि बीपी, म्हणजे आमच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट. दादा कायम पोट धरून असायचा, दोन शिंका आल्या तरी डॉक्टर गाठायचा, आणि आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. आज तो बरा आहे, एक हात टेकून उठतो. आणि कुंडमवाला? तो ताटावरून असा उठायचा की बाकीच्यांनी मान खाली घालावी.

यावरून मी एक सिद्धांत मांडला. बंगाल्याचं पोट, पंजाब्याचे गुडघे, मराठी माणसाची साखर, सगळा अन्नाचा आणि रक्ताचा खेळ. जंगलाकडच्या माणसाला मात्र काही होत नाही, कोदो-कुटकीसारख्या भरडधान्यावर पोसलेलं शरीर ते. हे मी इतक्यांदा सांगितलं की सगळ्यांना पटलं. कुंडमवाल्यालाही पटलं असावं.

मागच्या वर्षी पंगतीत तोच म्हणाला होता, "भैया, पाँव में चींटी सी चलती है." मी हसलो. "अरे, तुम लोगों को क्या होना है!" तोही हसला. बायको मला आत बोलावून म्हणाली, "हसून काय राहिले? त्याईले एकदा डॉक्टरकडे तर न्या." मी तिला माझा सिद्धांत पुन्हा ऐकवला.

या नोव्हेंबरला तो पायमोजे घालूनच पंगतीला बसला. जेवण झालं आणि उठताना त्याने हात टेकले, दोन्ही. त्याच्या डाव्या मोज्याच्या टोकाला ओला डाग दिसला. चपलेत खडा शिरला होता म्हणे, दिवसभर टोचत असणार, पण त्याला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. साखर निघाली, आणि ती काही आजकालची नव्हती. पायाचा अंगठा वाचतो की काढावा लागतो ते महिनाभराने सांगू, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, मुंग्या कधीपासून येतात? "मागच्या वर्षीपासून," मीच सांगितलं.

बाहेर बाकावर बसलो तरी माझं कुतूहल गप्प बसेना. तुम्हा लोकांना साखर कशी झाली, असं मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, "सारी नौकरी आपके साथ वही चाय पी है, भैया." मग अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाला, "आप मुझको देखते हो. उधर से हम सात जन भरती हुए थे."

त्याने बोटांवर एकेक सांगितला. एकाला टीबी झाला. एक तापात गेला, गावातून गाडी मिळेपर्यंत. एकाला दारूने नेलं, एकाच्या छातीने दगा दिला. दोघं नोकरी सोडून गावी परतले आणि तिथेच संपले, कशाने ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. साठी कोणीच पाहिली नाही. यातल्या एकासाठी मी फॅक्टरीच्या गेटवर दोन मिनिटं मान खाली घालून उभाही राहिलो होतो, आणि नंतर चहाला गेलो होतो.

मला फार लाज वाटली. टेबलावर आलेला एक चांगला तुकडा पाहून सगळा माल उत्तम असं लिहिणारा तपासनीस मी त्याच दिवशी घरी पाठवला असता. इथे सहा जण माझ्या पंगतीपर्यंत पोचलेच नव्हते, आणि सातव्याकडे पाहून मी सगळ्यांना पास करत होतो. त्यापायी त्याचं एक वर्ष गेलं.

आता दर आठवड्याला ड्रेसिंगला मीच त्याच्याबरोबर जातो. दादाही येतो, डॉक्टरांना काय काय विचारायचं हे त्यालाच जास्त कळतं. परवा आम्ही दोघं त्याला कुंडमजवळच्या त्याच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, सोडायला गेलो. अंगठा अजून आहे, काळवंडलेला. अंगणात खाटेवर बसलो आणि मी खोडीप्रमाणे विचारलंच, "यहाँ तुमसे बड़ा कौन कौन है?" आम्ही सगळे सत्तरीचे. माझ्या गल्लीत माझ्याहून मोठे पाच-सहा जण रोज सकाळी फिरायला जातात, त्यातले एक आजोबा तर नव्वदीचे आहेत.

तो टोल्यातली घरं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक करून पाहत राहिला. त्याला बराच वेळ लागला.

"कोई नहीं," तो म्हणाला. "मैं ही हूँ." आणि खाटेवरून उठायला त्याने माझ्याकडे हात पुढे केला.