दुभाष्यांच्या बैठकीला दुभाषी नाही

आमच्या गटात तिला सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेत ती एक दिवसही शिकवायला गेलेली नाही. पण कर्णबधिर माणूस हातांनी जे बोलतो ते आवाजात सांगताना माझा एक शब्द इकडचा तिकडे झाला, की मागून तिचं खाकरणं ऐकू येतं. आईवडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे ती बोलायच्या आधी खुणा शिकली. आम्ही वर्गात बसून शिकलेले दुभाषी, म्हणजे तिच्या लेखी कायमचे कच्चं लिंबू.

अशी ही बाई तीन आठवडे दवाखान्याचं एकही काम घेईना. बँक चालेल, पालकसभा चालेल, दवाखाना नको. का, तर पाठ धरलीय. पाठ धरलेली बाई पालकसभेत तीन तास उभी कशी राहते, हे तिला विचारायचं कोणी? सोमवारी एका कर्णबधिर मुलीचं सिझेरियन ठरलं होतं आणि तिला मास्तरीणच हवी होती. मास्तरीण धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना, आणि शुक्रवार उजाडला.

त्या दुपारी ऑफिसने दुभाष्यांच्या मनाच्या काळजीवर बैठक ठेवली होती. गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा आणि गोड आवाजाच्या समुपदेशक बाई. आम्हाला खुणा शिकवणारे काकाही आले होते. ते स्वतः कर्णबधिर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हातांनी विचारलं, "माझ्यासाठी दुभाषी कोण?" आम्ही बारा दुभाषी एकमेकांची तोंडं बघत बसलो. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मास्तरीण टुणकन उठली. "मी करते." दीड तास तिने सगळ्यांचं रडगाणं काकांपर्यंत पोचवलं. कोर्टाच्या कामानंतर एकीला झोप लागत नव्हती, एकजण घरी विनाकारण खेकसत होता. दुसऱ्यांचं सांगता सांगता मास्तरणीने स्वतःचा नंबर मात्र बेमालूम टाळला. माझी सटकली. "बस आता," मी म्हटलं, "वीस मिनिटं झाली की दुभाष्याने बसायचं आणि जोडीदाराला उठवायचं असतं. काकांसाठी मी करते. तू बोल."

ती बसली. तोंड उघडलं, मिटलं. मग हात उचलले आणि लहानपणी आईशी बोलायची तशी खुणांनीच बोलायला लागली. काकांना माझी गरजच उरली नाही. समुपदेशक बाईंना मात्र खुणा येत नव्हत्या, म्हणून मी आवाजात सांगू लागले. आमच्या कामात बोलणारा 'मी' म्हणाला की आम्हीही 'मी'च म्हणायचं, मध्ये 'ती म्हणते' घालायचं नाही.

"डॉक्टर म्हणाले, बाळ गेलं, आणि कागदात बघायला लागले," मी सांगत होते. "त्या आईला सांगायचं काम माझ्या हातांचं. मी 'बाळ' एवढीच खूण केली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. घट्ट. हात धरून ठेवले तर पुढचं येणार नाही, असं वाटलं असेल तिला. मी ते ओढून सोडवले. आणि सांगितलं."

माझा आवाज चिरकला. समुपदेशक बाई लगबगीने उठल्या, टिश्यूचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "केवढा प्रसंग आला हो तुमच्यावर."

"अहो, माझ्यावर नाही," मी नाक पुसत म्हटलं, "तिच्यावर."

सगळे हसले. मास्तरीणही हसली आणि हसता हसता रडायला लागली, चांगली मोठ्याने. काका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. ती बघेपर्यंत थांबले आणि मग त्यांचे हात चालू झाले.

"माझी बायको गेली तेव्हा तिथे खुणा येणारं कोणीच नव्हतं. दोन दिवस मी लोकांचे चेहरे बघत बसलो होतो. तू हात सोडवलेस ते बरं केलंस."

मी हेही आवाजात सांगितलं. कसं सांगितलं, माझं मला माहीत.

मास्तरणीने डोळे पुसले, फोन काढला आणि त्या मुलीला कळवलं, सोमवारी येते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तूही चल. मला एकटीला नाही जमायचं."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून असलं काही मी ऐकलं नव्हतं. किती वाजता यायचं, एवढंच विचारलं.