कन्हानच्या अलीकडचा ताणा

"सडक बघायला कोणी जातं का गं?" सदर भागातल्या घरून निघताना ताईनं पुन्हा एकदा विचारलं आणि सांबारवड्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. नागपुरात रस्त्याला सडक म्हणतात आणि कोथिंबिरीला सांबार. माझ्यासारख्या कोल्हापूरच्या बाईची सुरुवातीला त्यामुळे बरीच तारांबळ उडाली होती.

ताईचं काही चुकत नव्हतं. या बाजूला येणारा माणूस रामटेकला जातो, संत्री घेतो आणि घरी परततो. पण आदल्या रात्री जेवताना दाजींनी सहज सांगितलं, की जबलपूरला जाणारा हा रस्ता आता काशीपासून थेट कन्याकुमारीपर्यंतच्या हमरस्त्यात धरला आहे. पूर्वी लमाणांचे बैल मीठ आणि धान्य घेऊन इथूनच जायचे. मग इंग्रजांनी कामठीच्या छावणीसाठी खडी टाकून तो पक्का केला. आता त्याच्यावर डांबर पडत होतं. दाजी कचेरीतले, कागद सोडून उठत नाहीत. कामठीच्या पुढं ते स्वतः कधी गेलेले नव्हते. मला मात्र राहवेना. खिडकीची जागा मिळाली तर शिवनीपर्यंत जायचं आणि रामटेकला मुक्काम करून परतायचं, असं मी ठरवून टाकलं.

फाल्गुनातली सकाळ होती आणि हवेत अजून गारवा होता. शिवनीच्या मोटारीत खिडकी मिळाली आणि कामठी मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना मोहोरलेले जुने आंबे सुरू झाले. वास मोटारीत शिरला तसं शेजारच्या म्हातारबुवांनी डोळे मिटून घेतले. मी पुढं पाहत होते. कन्हान नदीचा दगडी कमानींचा पूल आता दिसेल, मग दिसेल, असं म्हणेपर्यंत मोटार गचका देऊन थांबली.

रस्त्याची एक बाजू डांबराच्या कामानं अडली होती. पिंपाखाली जाळ होता आणि खडी दाबायचा रूळ उभा होता. दुसऱ्या बाजूला, आंब्यांच्या सावलीत, एक लांबलचक पांढरी पट्टी ताणून धरलेली होती. आधी मला वाटलं कोणाच्या लग्नाचा मांडव असावा. खाली उतरून पाहिलं तर ते सूत होतं, शेकडो धागे शेजारी शेजारी, खाली बांबूंच्या कैच्यांचे टेकू. एक बाई आणि एक पुरुष दोन्हीकडून कुंचे फिरवत पुढं मागं चालत होते.

शेजारच्या म्हातारबुवांनी मला समजावलं. ही पाजणी (मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ पाजून, ते कुंच्यानं मोकळं करत सुकवायचं). ती घरात होत नाही. लांब, सरळ आणि सावलीची जागा लागते. कोष्टी लोकांना ती या सडकेवर मिळत आली होती. मोटारी थोड्या होत्या तोवर कोणाची हरकत नव्हती.

आता मात्र मुकादम डोक्याला हात लावून उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण पेचात सापडला होता.

"बाई, डांबर तयार आहे. थंडं झालं त् फेकाच लागते. मी काय करू, सांगा."

"अन् माहा ताणा चिकटला त् मी काय करू?" ती बाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही की हात थांबवला नाही. "तुमीच म्हटलं होतं, आज नाई, उद्या येतो म्हून. काल ढग होते, म्हून आज काढला."

तिचं नाव राधाबाई. तिच्या नवऱ्याकडून, महादेवकडून, मी एकेक काढून घेतलं. मला चौकशीची खोडच आहे. संक्रांतीपासून त्यांचा माग रिकामा होता. हे सूत मोठ्या मिनतवारीनं मिळालं होतं. ते वाया गेलं तर माग मोडायचा आणि महादेवनं कन्हानच्या कोळशाच्या खाणीत जायचं, असं घरात ठरलं होतं. त्याचा भाऊ गेलाच होता. हे सांगताना महादेवचा आवाज शांत होता, पण राधाबाईचा कुंचा जास्तच जोरात फिरायला लागला.

ओला ताणा गुंडाळता येत नाही, धाग्याला धागा चिकटतो. जागेवर ठेवावा तर मोटारही पुढं जाईना आणि डांबरही पडेना. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवून पाहिला. मग महादेवनंच झाडांच्या पलीकडं बोट केलं. तिथं खालच्या अंगाला एक गाडीवाट नदीकडं उतरत होती.

"थे जुनी सडक आहे जी. पूल नव्हता तवा नदीच्या उतारावर थेच जात होती. सारे जन धरतीन त् ताणा तसाच नेता येईन."

लमाणांच्या बैलांची ती वाट मी दाजींच्या तोंडून ऐकली होती आणि ती डांबराखाली गेली असं धरून चालले होते. ती तर गवतात पडून होती, रिकामी.

मग आम्ही धरलं. दोन्ही टोकांचे दांडे मुकादमाच्या मजुरांनी घेतले, मधल्या कैच्या उतारूंनी. भोंगा वाजवणारा ड्रायव्हरच पुढं चालून पाऊल सांगायला लागला. माझ्या वाट्याला मधली कैची आली. ताणा सैल पडू द्यायचा नाही आणि झाडाला लागू द्यायचा नाही. चालता चालता ती दोघं कुंचे फिरवतच होती. माझा पाय शेणात गेला आणि मी खाली पाहिलं.

"बाई, हात वर. पायाकडं काहून पाह्यता?" राधाबाई म्हणाली.

सासूबाईंनंतर इतक्या करड्या आवाजात मला कोणी बोललं नव्हतं. मी हात वर केले.

ताणा खाली पोचला, पुन्हा ताणून बसला. एकही धागा चिकटला नाही, असं महादेव म्हणाला तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी डबा उघडून सगळ्यांना वड्या वाटल्या. राधाबाईचे हात कामात होते, म्हणून तिच्या तोंडात मीच वडी घातली. तिनं चावत चावत सांगितलं, "मीठ कमी आहे." मग पहिल्यांदाच हसली. "परत येतानी हात दाखवजा, बाई. आमी आता अठीच राहू."

पुढं पूल आला, मनसरच्या मँगनीज खाणींची काळपट धूळ आली, देवलापारचं जंगल आणि शिवनीचा गरम चहा आला. नागपुरात या रस्त्याला जबलपूर रोड म्हणतात. शिवनीच्या चहावाल्यानं त्यालाच नागपूरची सडक म्हटलं. जो तो रस्त्याला पलीकडच्या टोकाचं नाव देतो. मीही आजवर रस्ता म्हणजे कुठंतरी पोचायची सोय, इतकंच समजत आले होते. राधाबाईला त्याच्यावरून कुठंच जायचं नव्हतं, तिला तो ताणा पसरायला हवा होता.

परतताना रामटेकहून पहिली मोटार पकडली आणि खिडकीसाठी एका वकिलाशी चक्क भांडले. पूल ओलांडताच काळंभोर, गुळगुळीत डांबर सुरू झालं आणि मोटारीनं वेग घेतला. मी ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगितलं.

"आता सडक चांगली झाली बाई, हळू काहून?" तो म्हणाला.

मी खिडकीतून निम्मी बाहेर आले. खाली जुन्या सडकेवर पांढरी पट्टी ताणलेली होती. तिथं आंबे नव्हते. चार बांबूंवर गोणपाटं टाकून सावली केली होती आणि तेवढ्याच सावलीत मावेल इतका, उरलेल्या सुताचा आखूड ताणा होता. दोघंही कुंचे फिरवत होती. मी हात हलवला, वकिलाच्या टोपीला धक्का लागला तरी हलवत राहिले.

राधाबाईनं वर पाहिलं नाही. खळ ओली असणार, हात थांबवून चालत नसणार. मी समाधानानं हात आत घेतला आणि वकिलांची टोपी उचलून दिली.