दाजींचं पोटॅशियम आणि बांगड्यांचा बर्फ

“दाजींचं पोटॅशियम साडेसात!” डॉ. प्रभू फोनवर गरजले. “इंजेक्शन भरून ठेवलंय. ते देतो आणि गोव्याला हलवतो.”

मी मालवणात पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे माणूस न बघता त्याचं रक्त बघून त्याच्याबद्दल मत देणारा डॉक्टर. गावात हे काम बरेच जण रक्तही न बघता करतात, पण त्यांना डिग्री नसते.

आमच्या लॅबमध्ये नवी सोय आली होती. धोक्याचा आकडा आला, की मशीन मला न विचारता थेट डॉक्टरांच्या मोबाइलवर मेसेज टाकतं. मी चहा पीत होतो, तेवढ्यात मशीनने दाजींना मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. पोटॅशियम पाचाच्या आत असावं. साडेसात म्हणजे हृदय केव्हाही थांबेल. देवबागचे दाजी रिपोर्ट दाखवायला बायकोसोबत सकाळीच प्रभूंच्या दवाखान्यात आले होते, ते तिथेच अडकले.

“दाजी काय करतायत?” मी विचारलं.

“बायकोशी भांडतायत.”

“कशावरून?”

“तिने पेजेबरोबर लोणचं आणलं नाही म्हणून.”

आता, हृदय बंद पडायच्या बेतातला माणूस लोणच्यावरून भांडणारच नाही, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे त्यासाठी तिरडीवरूनही कोणी उठेल. पण मला खटकलं.

“ईसीजी?”

“नॉर्मल. पण त्याच्यावर विसंबता येत नाही.”

हे त्यांचं बरोबर होतं. मी दाजींचे बाकीचे आकडे बघितले. किडनी ठणठणीत. पोटॅशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. ती चोख काम करत असताना एवढं पोटॅशियम साचलं कुठून?

“इंजेक्शन देऊ नका,” मी म्हटलं. “पाच मिनिटं द्या.”

“आणि पाच मिनिटांत काही झालं तर?”

“आकडा खोटा असेल आणि इंजेक्शन दिलंत, तर नक्की होईल.”

ते इंजेक्शन रक्तातलं पोटॅशियम खाली खेचतं. मुळात ठीक असलेलं पोटॅशियम खाली खेचलं, तर हृदय त्यानेही बिघडतं. म्हणजे धडधाकट दाजींना आम्ही शास्त्रशुद्ध पद्धतीने आजारी पाडणार होतो.

मी त्यांची ट्यूब उचलली. रक्तपेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं, पण मग वरचं पाणी लालसर दिसतं. इथे ते पिवळंधमक, स्वच्छ. मी ट्यूब नाकाशी नेली. बांगडा!

देवबागेत आमच्यासाठी रक्त गोळा करणारा बाबलो सकाळी सॅम्पल देऊन अजून बाकावरच टेकला होता.

“बाबल्या, दाजींचं रक्त कधी काढलंस?”

“काल सांजचा. तुमची लॅब बंद झालेली. मगे रातभर बर्फात ठेवलंय.”

“कुठल्या बर्फात?”

“आमच्या म्हावऱ्याच्या. फाटफटी उठान बर्फ बदललंय सुद्धा!” पहाटे उठून मासळीचा बर्फ बदलल्याबद्दल त्याला शाबासकी हवी होती.

“तुला कोणी सांगितलं होतं?”

“तुमच्याच क्वालिटीवाल्या सायबान. ‘सॅम्पल थंड ठेव’ म्हणान. आणि काय चुकला हो? म्हावऱ्याक बर्फ लागता, मगे रगताक नको?”

क्वालिटीवाल्या साहेबांनी एसीत बसून ‘थंड ठेव’ एवढंच सांगितलं होतं. आधी पेशी वेगळ्या काढायच्या असतात, हे सांगायचं राहून गेलं. मोठ्या माणसांना बारीकसारीक गोष्टींसाठी वेळ कुठला?

मी धावत दोन गल्ल्या ओलांडून दवाखान्यात गेलो. दाजी पलंगावर मांडी घालून बसले होते. त्यांची बायको, आमच्या काकी, पदराने डोळे पुसत होत्या.

“माका गोव्याक कित्याक नेतत?” दाजींनी मलाच दरडावलं. “माका काय झाला?”

“काही नाही दाजीनू. थोडं रक्त द्या.”

“परत? कालचा खंय गेला?”

“बांगड्यांसोबत झोपलेला.”

दोन ट्यूब भरल्या. हातात धरून मी दोन्ही लॅबमध्ये आणल्या आणि एक लगेच मशीनला लावली. पोटॅशियम चार. मी फोन केला. डॉक्टरांनी भरलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं. काकींनी देवाचे आभार मानले. माझं नाव त्यात नव्हतं.

पण डॉ. प्रभूंना पटेना. “बर्फाने पोटॅशियम कसं वाढेल? मशीन बिघडलंय म्हणा की सरळ!”

“डॉक्टर, पेशीला होडी समजा. लाकडी होडीत पाणी झिरपतंच, म्हणून एक माणूस सतत उपसत बसतो. पेशीच्या पातळ आवरणातूनही सतत झिरपतं. त्या आवरणात पंप असतात. ते सोडियम बाहेर फेकतात, पोटॅशियम आत ओढतात. पण पंप चालवायला ताकद लागते, आणि गारठ्यात ती पेशीला मिळत नाही. पेशी फुटत नाही, नुसती उपसायची थांबते. मग आतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर.”

“हे मीही शिकलोय.”

“मग विसरलात कधी?”

ते रागावले. म्हणून मी दुसरी ट्यूब बाबलोच्या हवाली केली. “नेहमीसारखी ठेव. अगदी प्रेमाने.” त्याने रात्री बांगड्यांत जागा करून तिला निजवली. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांसमोर मशीनला लावली. तेच दाजी, तीच शीर, एकाच वेळी काढलेलं रक्त. मशीनने लगेच डॉक्टरांच्या मोबाइलवर मेसेज टाकला: तातडीचा धोका.

डॉक्टरांनी मोबाइल खिशात घातला आणि चहा मागवला. दाजी तेव्हा देवबागेत जाळं विणत होते, असं बाबलोने सांगितलं. त्याला मात्र एक शंका होतीच.

“पण डॉक्टरांनू, बर्फात म्हावरा बरा रवता, मगे रगात कसा बिघाडता?”

“बाबल्या, बांगडो मेललो आसता.”

तेव्हापासून आमच्या लॅबचा नियम सुटसुटीत आहे. जे मेलंय, ते बर्फात ठेवावं. जे जिवंत आहे, ते वेळेवर लॅबमध्ये आणावं.