मानेमागची जागा

पुण्याला निघाले त्या संध्याकाळी आईनं मला पाटावर बसवून इतकी घट्ट वेणी घातली की भुवया ताणल्या गेल्या. ट्रॅव्हल्स यवतमाळहून सुटणार होती आणि मारेगावच्या आमच्या दारात बाबा गाडी सुरू करून उभे होते. "केस मोकळे सोडू नोको. अन् कोणाच्या उशीवर डोकं ठेवू नोको," एवढंच आई म्हणाली. नोकरीबद्दल, एकटं राहण्याबद्दल काही नाही. बॅगेत तिनं बारीक दातांची फणी टाकली होती. पीजीत पोचल्यावर मी ती कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात सरकवली.

वेणी महिन्याभरात गेली. मी पटकन बोलणारी नाही. शाळेत इंग्रजीत गप्प असायचे, घरी मराठीत. रूममेट रिया ही माझी पहिली खरी मैत्रीण. तिच्या बेडवर, तिच्याच उशीवर, डोक्याला डोकं लावून आम्ही लॅपटॉपवर सिरीज बघायचो. कोणी आपल्याला इतकं जवळ बसू देतं याचंच मला अप्रूप होतं.

मग डोकं खाजायला लागलं. आधी वाटलं कोंडा, मग वाटलं पुण्याचं पाणी. ऑफिसच्या वॉशरूममध्ये खांद्यावरून एक ऊ चालत गेली तेव्हा कळलं. मेडिकलमध्ये मी लोशन मागितलं ते "लहान बहिणीसाठी". मला बहीण नाही.

लोशन लावलं. ओल्या केसांना कंडिशनर चोपडून फणी फिरवायला बसले. कपाटातली तीच फणी. पुढचे केस जमले, कानावरचे जमले. मागचं काही दिसेना. आरसा आणि मोबाइल दोन्ही धरले तर फणी धरायला हात उरेना. रियाला सांगावंच लागलं. ती हळू आवाजात, छान इंग्रजीत म्हणाली की काही दिवस घरी जाऊन ये, ऑल क्लिअर झालं की परत ये. तिच्या डोक्यात काही निघालं नाही, किंवा निघालं असेल तर तिनं सांगितलं नाही. पीजीवाल्या मॅडम मात्र स्पष्ट बोलल्या, पुढच्या सोमवारपर्यंत आली नाहीस तर बेड दुसऱ्या मुलीला जाईल.

गेले तशीच मारेगावला परत आले, फक्त डोक्याला स्कार्फ होता.

"एवढी शिकली, अन् काय घेऊन आली तं उवा," आई म्हणाली. मग तिनं मांडीवर पांढरं फडकं पसरलं आणि माझं डोकं खाली दाबलं.

शेजारच्या शोभाकाकूंनी कुंपणावरूनच विचारलं, "काहून वं, पोरीनं डोक्याले टॉवेल कायले बांधला?"

"मेंदी लावली तिनं."

"रोजच?"

"पुण्याची फॅशन हाय ते."

काकू ओळखून होत्या. जाता जाता म्हणाल्या, "सीताफळाच्या बिया वाटून लाव मेंदीत."

"डोळे जातात त्यानं," आई पुटपुटली आणि फणी फडक्यावर पुसली.

दिवसभर मी आतल्या खोलीत कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसायचे. बाहेर काकू, आत आई, स्क्रीनवर मॅनेजर. संध्याकाळी पुन्हा मान खाली. पहिल्या खेपेला अंडी वाचतात आणि मागाहून त्यांतून उवा निघतात, म्हणून आठवड्यानं लोशन परत लावलं. रविवारी फडकं कोरं राहिलं. "निघालं सारं. जाय आता, बेड जाईल तुहा," आई म्हणाली आणि वेणी घालायला बसली.

वेणी अर्ध्यात थांबली. मागे वळले तर तिचा हात स्वतःच्या कानामागे होता.

"आई, पाहू दे."

"घामोळ्या हायत. गाडी चुकते तुही."

मी तिला पाटावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या मागे बसले. अंबाडा सोडला. टाळूवर केस विरळ झाले होते, मानेवर एक जुना डाग होता, तो मला माहीतच नव्हता. केसांच्या मुळाशी लिखा होत्या, भरपूर. माझ्याच. तिला कधीपासून कळलं होतं, देव जाणे.

"मी करून घेतो न माह्यं," आई म्हणाली.

"मागचं दिसणार आहे का तुला?"

बाबा चष्मा लावूनही सुईत दोरा ओवू शकत नाहीत. शोभाकाकूंना ती मरेपर्यंत सांगणार नाही.

रियाचा मेसेज आला, ऑल क्लिअर? बॅग दाराशी भरून ठेवली होती. माझं डोकं स्वच्छ होतं, खोटं न बोलता हो म्हणता आलं असतं. मी लिहिलं, अजून नाही. तो बेड मला हवा होता, हे लपवत नाही.

तुमच्यातले जे गेले आणि जे राहिले, त्यांना घराबद्दल बरंच काही सांगता येत असेल. मला घर आता मानेमागच्या जागेसारखं वाटतं. आपलं आपल्याला दिसत नाही, आणि कोणाला दाखवायचं तर मान खाली घालून बसावं लागतं. बाहेर ट्रॅव्हल्सची वेळ टळून गेली. आईनं मान आणखी थोडी खाली घेतली, आणि मी फणी फडक्यावर पुसली.