अप्पांच्या गाडीचा डावा दिवा

ज्याच्या तेजाच्या एका कणावर सूर्यचंद्रांचा संसार चालतो, आणि भारनियमन नसेल त्या दिवशी आमच्या लातूरच्या गल्लीतले दिवेही लागतात, त्या विश्वप्रकाशक परमेश्वराला प्रथम वंदन. विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवीला नमस्कार करून, आज खंडेनवमीच्या सकाळी, समोरच्या अंगणात झेंडूच्या माळा ल्यालेली एक तांबडी, बुटकी गाडी पाहत मी हे लिहायला बसलो आहे. आज अवजारांच्या पूजेचा दिवस. अवजारांना फुले वाहून झाली. ती धरणाऱ्या दोन हातांची पूजा मात्र राहून जाते, ती शब्दांनी बांधावी असे मनात आले. ते हात आमच्या समोरच्या घरातल्या अप्पांचे.

विजेला अप्पांइतका भ्यालेला मनुष्य मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि भीत भीत का होईना, तिच्यापुढे अप्पांसारखा धैर्याने उभा राहिलेला मनुष्य मी तरी दुसरा पाहिला नाही. मी नांदेडला गोदेच्या काठी पाठशाळेत वाढलो. पुढे लातुरात संस्कृत शिकवण्यात जन्म गेला. मोठमोठे विद्वान पाहिले, तपस्वी पाहिले. पण अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हाती धरणारे अप्पा पाहून मनात जो आदर दाटला, तो एखाद्या सभेत क्वचितच दाटला असेल. अप्पांची डाळमिल होती; ती आता मुलगे पाहतात. मूठभर तूर तळहातावर उडवून तिच्या आवाजावरून ओल किती हे ते सांगत आणि ते कधी चुकत नसे. पण त्याच मिलचा मोठा खटका मुकादम दाबत असे तेव्हा अप्पा दहा हात दूर, लाकडी पाटावर, शिवनाम घेत उभे असत. घरातल्या पंख्याचे बटण ते कोरड्या उपरण्याने दाबीत. एकदा देवघरातला बल्ब गेला, तर त्यांनी सव्वा महिना समईवर काढला आणि वर मला सांगितले, "गुरुजी, समई बरी. ती आपल्याला धरत न्हाई."

त्यांची दुसरी सवय भस्माची. अप्पा शिवभक्त लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. पण अप्पांचे भस्म कपाळावर थांबत नसे. नवी वस्तू घरात आली की ओल्या भस्माची तीन बोटे तिच्यावर उमटलीच म्हणून समजा. तराजूला भस्म, शिलाई यंत्राला भस्म, नातवाच्या दप्तराला भस्म. नवा मोबाइल आला तेव्हा त्यांनी नेमके त्याच्या बोलण्याच्या छिद्रांवर पट्टे ओढले. तेव्हापासून त्यांचा फोन आला की कोणी सिद्धपुरुष दूरच्या गुहेतून बोलतो आहे असे वाटे. मला या सवयीचे कौतुकच होते. वस्तूवस्तूंत शिव पाहणारा मनुष्य, आणखी काय हवे? मी तसे त्यांना बोलूनही दाखवी, आणि पुढे जे घडले त्याचा थोडा दोष म्हणूनच माझ्याकडेही येतो.

आता ती गाडी. मिल मुलांच्या स्वाधीन केली त्याच वर्षी अप्पांनी हैदराबादेहून ही जुनी, परदेशी घडणीची, दोनच आसनांची स्पोर्ट्स कार आणली. ती जमिनीला इतकी लगटून चालते की आमच्या गल्लीतला गतिरोधक ओलांडताना अप्पा तिला तिरपी घालतात, घाटात बैलगाडी घालावी तशी, आणि "शिव शिव" म्हणतात. तिच्यात बसताना आधी एक पाय, मग धोतराचा सोगा, मग उरलेले अप्पा, असा क्रम असतो. उतरताना दोघांनी ओढावे लागते. रिक्षावाले विचारत, "अप्पा, दोनच सीटा? काकू अन् तुम्ही, झालं. बाकीच्यांनी काय टपावर बसायचं का?" अप्पा नुसते हसत. खरे कारण त्यांनी मला एकट्याला सांगितले होते. देवणीला त्यांची थोरली बहीण आहे, अक्का. आई लवकर गेली. अक्काने या भावाला कडेवर वाढवले. सात वर्षांच्या अप्पांनी तिला वचन दिले होते की मी मोटार घेईन आणि तिच्यात तू नि मी, दोघेच बसू. साठ वर्षांनी वचन आठवले, आणि दोनच आसनांची गाडी शोधली गेली.

गेल्या वर्षीच्या श्रावणात एका सोमवारी ते मोठ्या हौसेने देवणीला गेले. पोचायला तिन्हीसांजा झाल्या. अक्काला काचबिंदू, दोन्ही डोळ्यांवर बाजूंनी पडदे ओढत आलेले. माणसे दिसत नव्हती, रंग दिसत नव्हते, फक्त उजेड दिसत होता. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आवाज तर येतोय रे. पण गाडी कुठं हाय? मला काईच दिसंना." जुन्या गाडीचे दिवे मुळातच मंद. दहा पावलांवर उभ्या असलेल्या गाडीचा उजेड अक्काच्या डोळ्यांपर्यंत पोचला नाही. अप्पा परत आले आणि दोन दिवस त्यांनी गाडी झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी माझ्या ओसरीवर येऊन म्हणाले, "गुरुजी, डाक्टर म्हणतोय, उरलेला उजेडबी जाणार. कवा जाईल सांगता येत न्हाई. त्याच्या आत अक्काला माझी गाडी दिसली पायजे."

गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका कारागिराने बॉनेट उघडून पाहिले आणि सांगितले की दिव्यांची सगळी वीज बारीक तारांतून, आतल्या बटणातून, वळसा घेऊन जाते. वाटेतच ती थकते. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत थेट जाड तार ओढावी, मध्ये रिले नावाची लहानशी डबी बसवावी. मग बटणाने केवळ आज्ञा द्यायची. मला हे नीट उमजेना. अप्पांना मात्र तत्काळ उमजले. "गुरुजी, मालकानं पोतं उचलायचं नसतंय. मालकानं हाक मारायची, पोतं हमाल उचलतो. हितं बटणच पोतं उचलायलंय, म्हणून दमायलंय." विजेच्या शास्त्रावर इतके स्वच्छ भाष्य मी अन्यत्र ऐकलेले नाही. कारागीर म्हणाला, ठेवून जा, करून देतो. अप्पा म्हणाले, "न्हाई. आमच्यात पूजा ज्याची त्यानं करायची असती, भटजी लागत न्हाई." आणि माझ्याकडे वळून, "राग मानू नगा, गुरुजी." मी राग मानला नाही. पण त्या दिवशी घरी येऊन, उपरण्याने पंखा लावणारा हा मनुष्य आता विजेच्या पोटात हात घालणार, या विचाराने मी दोनदा जपात चुकलो.

मग एकवीस दिवसांचे ते अनुष्ठान सुरू झाले. रिलेबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजी. ती वाचण्याचे काम माझे. श्लोकाचा अन्वय लावावा तसा मी प्रत्येक वाक्याचा अन्वय लावी, कर्ता कोण, कर्म कोण, आणि अप्पा हात जोडून ऐकत. डबीला चार पाय, प्रत्येकावर आकडा. अप्पांनी ते नामावलीसारखे पाठ केले. सकाळी स्नान करून, सूर्याकडे तोंड करून ते म्हणत, "तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, शहाऐंशीला बटण, पंच्याऐंशीला गाडीचा सांगाडा." गल्लीतून जाणारे लोक हे कोणते स्तोत्र म्हणून क्षणभर थबकत. पुस्तिकेत पहिलीच सूचना होती की अंगावरचे धातू काढावेत. अप्पांनी अंगठ्या काढल्या, घड्याळ काढले, आणि गळ्यातल्या चांदीच्या डबीपाशी हात थांबला. इष्टलिंग देहापासून वेगळे करायचे नसते. ते आत गेले, रेशमी वस्त्राच्या तीन घड्यांत डबी गुंडाळली, ती छातीशी घट्ट बांधली, वर बंडी घातली, आणि मगच पान्याला हात लावला. बॅटरीची ऋण तार त्यांनी सोडवली तेव्हा ते लाकडी पाटावर उभे राहून मोठ्याने शिवनाम घेत होते. पण पाना सुटला नाही. मी समोर बसून पाहत होतो. भीती गेलेला मनुष्य पराक्रम करतो यात नवल काय? इथे भीती जागच्या जागी होती आणि हात पुढे जात होता.

तार कापणे, तिचे टोक सोलणे, त्यावर जोडाची धातूची कडी दाबणे, सारे त्यांनी चुकत चुकत शिकून घेतले. आणि एका संध्याकाळी सगळे जोडून झाले. अप्पांनी बटण दाबले, या वेळी बोटाने, उपरण्याशिवाय. उजवा दिवा काजव्याएवढा लुकलुकला. डावा तेवढाही नाही. आकडे पुन्हा ताडून पाहिले. सगळे बरोबर. दुसऱ्या दिवशी सर्व सोडवून पुन्हा जोडले. दिव्यात तांबूस तार तेवढी दिसली. तिसऱ्या वेळी तीही नाही. रिलेने 'टक्' असा शब्ददेखील केला नाही. अप्पा बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. त्याच सकाळी देवणीहून भाच्याचा फोन आला होता. अक्काचा उजवा डोळा संपला होता. डाव्यात तेवढा उजेड उरला होता.

"गुरुजी, शिवाला हे नगं असंल का?"

उत्तर आले ते अप्पांच्या पत्नीकडून. काकू अंगणात समई घासत होत्या. हात पुसत त्या आल्या, वाकल्या, सांगाड्यावर आवळलेली एक कडी त्यांनी नखाने खरवडली आणि नख आमच्यापुढे धरले. नखावर पांढरी पूड होती.

"हे काय?"

"भस्म," अप्पा म्हणाले. "परतेक जोडाला आधी तीन बोटं लावली, मग आवळलं."

"अन् दिवा लागला न्हाई म्हणून?"

"पुन्यांदा लावलं. जरा जास्तच."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, समईच्या वातीवर राख साचली की वात तरी पेटती का? रोज मी झाडून काढते म्हणून तुमचा देव उजेडात बसतोय!"

तेव्हा उमगले. घासून लख्ख केलेल्या धातूवर अप्पा ओले भस्म लिंपत होते, ते वाळून जाड थर होई, आणि वीज बिचारी त्या पवित्र भिंतीपाशी येऊन परत फिरे. जितकी निराशा, तितके भस्म; जितके भस्म, तितका अंधार. आता उपाय एकच होता, पॉलिश-पेपरने ते खरवडून काढणे. अप्पांनी पॉलिश-पेपर हातात घेतला आणि खाली ठेवला. "भस्म पुसायचं? पॉलिश-पेपरनं? गुरुजी, तुमी शास्तर शिकलेले. हे पाप हाय का न्हाई, सांगा."

आयुष्यात पुष्कळांनी मला शास्त्रार्थ विचारला. एवढ्या आर्त मनाने कोणी विचारला नव्हता. मी डोळे मिटले. मग जे सुचले ते बोललो, "अप्पा, भस्म कपाळाला लावतात. डोळ्यांत घालत नाहीत."

अप्पा खाली बसले, आणि एकेक जोड सोडवून, एकेक कडी घासून, प्रत्येक वेळी "क्षमा कर" म्हणत, त्यांनी सारे भस्म एका वाटीत गोळा केले. ती वाटी तुळशीत रिकामी केली. जोड आवळून झाल्यावर वरून, बाहेरून, अगदी नाजूक तीन रेषा ओढल्या आणि मला विचारले, "एवढं चालतंय ना?" मी मान हलवली. बटण दाबले. 'टक्'. समोरची माझ्या घराची भिंत अशी उजळली की ओसरीवरची मांजर उडी मारून पळाली. अप्पा हसले नाहीत, रडले नाहीत. फक्त छातीशी बांधलेल्या डबीवर त्यांनी हात ठेवला.

चौथ्या दिवशी आम्ही देवणीला गेलो. अप्पांनी मला अक्काच्या दारात उतरवले आणि गाडी मागे, शेतवाटेच्या वळणापर्यंत नेली. दिवेलागणीची वेळ. अक्का उंबऱ्यात, हात दाराच्या चौकटीवर.

"गुरुजी, आला का त्यो?"

"तुम्हीच सांगा, अक्का."

वळणावर प्रकाश उगवला आणि हळूहळू जवळ येऊ लागला. अक्काने मान किंचित वळवून, उरलेला तो डावा डोळा पुढे केला. मग ती म्हणाली, "दोन हाईत. हाव, दोन." आणि जरा थांबून, थोरल्या बहिणीच्या आवाजात ओरडली, "अरे ए! डावा दिवा खाली बगायलाय! नीट बसवता येत न्हाई का तुला?"

ते खरे होते. जोड घासायला काढलेला दिवा पुन्हा बसवताना बोटभर खाली झुकला होता. माझ्या दोन्ही चांगल्या डोळ्यांना ते दिसले नव्हते. अप्पा गाडीतून उतरले, कोणी न ओढता, आणि अक्काच्या पायांवर डोके ठेवून मोठमोठ्याने हसू लागले. ते हसणे थोड्या वेळाने निराळे वाटू लागले, तेव्हा मी दुसरीकडे पाहिले. मग अक्काला शेजारी बसवून ते शिवालयापर्यंत फिरवून आले. दोनच आसने होती. मी ओट्यावर बसून राहिलो, आणि इतक्या तृप्त मनाने मी क्वचितच मागे राहिलो आहे.

माघात अक्काचा उरलेला उजेडही मिटला. अप्पा अजून दर महिन्याला जातात. दारात गाडी उभी करून दिवे लावतात. अक्का चाचपडत येते, दिव्याच्या काचेवर तळवा ठेवते आणि ऊब लागली की विचारते, "डावा अजून खालीच बगतोय का?"

"हाव, अक्का."

"राहू दे तसाच."

तो तसाच आहे. आज पूजेच्या वेळी काकूंनी गाडीला कुंकू लावले, आणि मी पाहिले, डाव्या दिव्यासमोर अप्पा क्षणभर अधिक थांबले. त्यावर भस्म नव्हते. काच स्वच्छ पुसलेली होती.

वाचकहो, तुमच्या घरातले दिवे निर्वेध तेवोत. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांतला उजेड दीर्घकाळ टिको, आणि तो मावळण्याआधी दाखवायचे ते त्यांना दाखवण्याची बुद्धी नि बळ तुम्हांला मिळो. तुमच्या लेकीबाळी, गुरेवासरे, तुमची अवजारे आणि ती धरणारे हात, सर्वांवर त्या तेजोमयाची कृपादृष्टी अखंड राहो.