टाकांच्या ओळीतलं पाचाचं नाणं

आईच्या देवघरात चांदीच्या पत्र्यावर देव उठवलेल्या टाकांशेजारी पाच रुपयांचं एक नाणं होतं. तुळजापूरला दर्शन करून निघताना कुंकवाच्या दुकानात ते तिला सुट्ट्या पैशांत मिळालं होतं. नाणं पिवळं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वैष्णोदेवी आणि कडेनं अक्षरं. सरकारनं स्मरणार्थ काढलेलं, पण बाजारात चालणारं. वैष्णोदेवी कुठली, हे आईला माहीत नव्हतं. देवी आपणहून हातात आली, एवढं तिला पुरेसं होतं. तामलवाडीच्या घरी तिनं ते टाकांच्या ओळीत मांडलं आणि रोज त्याला कुंकू लावू लागली.

आईला आता फारसं दिसत नाही. ती अंगठा फिरवून देव ओळखते. नाण्यावरची देवी तिला मुकुटाच्या उंचवट्यावरून कळायची.

अशी नाणी लाखांना जातात, असे व्हिडिओ मी मोबाईलवर बघत होतो. पैसे आले तर आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी जुनी मोटरसायकल बदलायची होती. नवरात्र जवळ आलं होतं. आमच्याकडे नवरात्राआधी टाक सोनाराकडून उजळून आणतात. मी आईला म्हणालो, "या खेपेला नाणंही उजळून आणतो."

"आण. पण हिला एकटीला ठिवू नको, टाकांसंगंच गुंडाळ," ती म्हणाली.

टाक मी सोनाराकडे दिले. नाणं शहरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आणलं. त्यावर कुंकवाचा थर बसला होता. देव असा मळका परक्याच्या हाती द्यायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. चिंच आणि राख घेऊन मी ते घासलं. तेवढ्यानं भागेना, म्हणून भांड्याची तारेची घासणी घेतली. नाणं लखलखीत झालं.

धाराशिवला एक निवृत्त बँक अधिकारी नाणी जमवतात. त्यांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, "कशानं घासलं, साहेब?"

मी सांगितलं.

"भांडी छान घासत असाल तुम्ही," ते म्हणाले. "सालाच्या आकड्याखालची टांकसाळीची खूण राहिलीय, चेहरा गेलाय. कोरं असतं तर एखाद्या हौशी माणसानं पन्नासेक रुपये दिले असते. आता पाचच."

"आणि लाख?"

"ते मोबाईलवाल्यांना विचारा. आधी तुमच्याकडूनच नोंदणीचे पैसे मागतील."

टाक आणि नाणं घेऊन मी गावी गेलो. आईनं एकेक टाक अंगठ्यानं चाचपून जागेवर ठेवला. नाण्यावर तिचा अंगठा दोनदा फिरला.

"हिचा मुकुट कुठाय?"

सोनारावर ढकलता आलं असतं. तसं वाक्य तोंडाशी आलंही होतं. मग मी सगळं सांगितलं. विकायला नेलं होतं, गाडीसाठी नेलं होतं, हेही.

तिनं नाण्याची कड चाचपली. मग म्हणाली, "लई घासलंस रं."

विकण्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. तिनं रागवावं असं मला वाटत होतं.

"पुन्हा मांडू का?" मी विचारलं.

"न्हाय. झिजल्याला देव पुजत न्हाईत." तिनं नाणं माझ्या हातात दिलं. "आता पैसाच हाय ह्यो. यष्टीला दे."

परतीच्या एसटीत कंडक्टरनं सुटे मागितले. खिशात दुसरी नाणी होती. आईनं सांगितलं होतं म्हणून मी तेच दिलं. त्यानं न बघता पिशवीत टाकलं आणि पुढच्या बाकाकडे वळला. नाणं दिलं का, हे आईनं अजून विचारलेलं नाही. विचारलं तर सांगीन.