पाणी आणि पानी

माझा दीर जगन्नाथ गेल्याची बातमी त्याचा मुलगा मधू स्वतः घेऊन आला. मी पडवीत वाल निवडत बसले होते. मधूने दारात चपला काढल्या आणि त्या चपलांकडेच बघत उभा राहिला. मी म्हटलं, बोल. तो म्हणाला, काकी, बाबा गेले, पहाटे छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत... मी सूप बाजूला ठेवलं. रडू आलं नाही, माझ्या वयाला ते लवकर येत नाही. पहिला विचार आला तो हा, की त्याच्या अंगात आता काय असेल? हा माणूस इस्त्रीच्या कपड्याशिवाय कधी कोणासमोर आला नाही, आणि आता सगळा गाव बघायला येणार. मधूला म्हटलं, माणसं यायच्या आत धोब्याकडचा पांढरा शर्ट काढ आणि घाल त्याला. नंतर काय गुंडाळायचं ते गुंडाळा.

तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. स्टेशनजवळच्या सोसायट्यांमधले लोक आले होते, ते चांगलं बोलले. एकाने सांगितलं की जगन्नाथराव अजातशत्रू होते. मी शेजारणीला शब्दाचा अर्थ विचारला. तिने सांगितला तेव्हा मला हसू आलं, आणि शोकसभेत हसू आलं म्हणून माझाच मला रागही आला. अर्धा गाव दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. त्याचं कारण कोणी सांगितलं नाही, आणि ते सोडलं तर जगन्नाथबद्दल सांगण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून मी लिहिते आहे. मी चौथी शिकलेली. मधूने शुद्धलेखन बघितलं आहे, पण त्याला बजावलं आहे, की मी जिथे पानी लिहिलं आहे तिथे पानीच ठेवायचं.

आमचं गाव आगाशीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. भातशेती आणि मिठागरं. मी लग्न होऊन आले तेव्हा जगन्नाथ चड्डीत होता, म्हणून मी त्याला भावजी कधी म्हटलं नाही. घरात मॅट्रिक झालेला तो पहिला. आधी मिठागरावर कारकून होता. मग मुंबईची माणसं विरारकडे जागा बघायला यायला लागली. उन्हात चाळीचाळीतून विचारत फिरायची, कोणी पाणीसुद्धा विचारत नसे. जगन्नाथने त्यांना जागा दाखवायला सुरुवात केली आणि वर्षभरात मिठागर सोडलं. स्टेशनजवळ एक पत्र्याची टपरी घेतली, तिच्यावर बोर्ड लावला, जगन्नाथ इस्टेट एजंट. गाव त्याला दलाल म्हणायचा. मीही म्हटलं एकदा. तो जेवता जेवता थांबला.

"दलाल मासळीबाजारात असतो, वयनी. मी एजंट."

"मासळीचा दलाल निदान वास लपवत नाय," मी म्हटलं. आमचे हे ठसका लागेपर्यंत हसले. जगन्नाथ हसला नाही. एजंट या शब्दावरची थट्टा त्याला कधीच सोसली नाही.

कपड्यांचं तर विचारू नका. पांढरा बुशशर्ट, पांढरी पँट, काखेत काळी रेक्झिनची बॅग. माझी जाऊ खळ घालून घालून कंटाळायची. आमच्याकडून रस्त्यावर जायला तेव्हा भाताच्या बांधावरून चालावं लागे. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला घालून बांध ओलांडायचा, बूट हातात. रस्त्याच्या मोरीवर बसून पाय पुसायचा, बूट चढवायचा, चपला पिशवीत घालून मोरीखाली लपवायचा. येताना पुन्हा उलटं. शेतातल्या बाया हाका मारायच्या, एजंट, चिखल लागला बघ मागं. तो खरंच मागे वळून बघायचा.

आता एका ग्लासाचं सांगते. पहिली मोठी गिऱ्हाइकं म्हणजे गिरगावातलं एक शिक्षक जोडपं. आमच्या वाडीला लागून एक प्लॉट होता, तो बघायला आलेलं. बाईने बाकी काही विचारलं नाही, फक्त विचारलं की पाणी कसं आहे. खाडी समोर दिसत होती, तेव्हा तिचं काही चुकलं नाही. जगन्नाथ धावत माझ्या स्वयंपाकघरात आला आणि एक स्टीलचा ग्लास घेऊन गेला. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात मला आहेरात सहा ग्लास आले होते, माझं नाव घातलेले. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. आमची बाव खाडीच्या एवढ्या जवळ असून गोड, आजूबाजूच्या वाड्या तिचं पाणी प्यायला न्यायच्या. त्याने रहाटाने पाणी काढलं आणि बाईच्या हातात ग्लास दिला. ती प्यायली, मग नवऱ्याला प्यायला लावलं, आणि सौदा तिथेच ठरला. ग्लास बॅगेत गेला तो माझ्याकडे परत आला नाही. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आधी आमच्या बावीवर आणायचा, मग जागा दाखवायचा. जगन्या गिऱ्हाइकाला पानी पाजतो, अशी गावात थट्टा झाली. पण खरं सांगायचं तर त्याचं नाव त्यावरच झालं. मुंबईत म्हणे लोक एकमेकांना सांगायचे, विरारला गेलात तर पाणी पाजणाऱ्या एजंटकडे जा.

गिऱ्हाइकासमोर तो 'पाणी' म्हणायचा. घरात आम्ही सगळे पानी म्हणतो, तोही म्हणायचा. पण कोणी बाहेरचं असलं की जिभेवर ण चढायचा, पाणी, कोण, कुणाची, म्हणून... मला आत चुलीपाशी बसून कळायचं की हा एकटा आलाय की सोबत गिऱ्हाईक आहे. एकटा असला की, वयनी, पानी दे. सोबत कोणी असलं की, वहिनी, जरा पाणी मिळेल का? मी मुद्दाम आतून ओरडायचे, "पानी बाहेरच हाय, घे काढून." त्याचे कान लाल व्हायचे.

गावासाठी त्याने केलं, ते मी नाकारत नाही. शाळेच्या समितीवर होता, सप्त्याच्या मंडळात होता. एस.टी. गावात आत येते ती त्याच्या खटपटीने. नवीन आलेल्या लोकांची रेशनकार्डं काढून देण्यात त्याचे कितीतरी दिवस गेले. कोणाच्याही मर्तिकाला तो पहिला हजर, आणि तिथेही इस्त्रीत. पण शाळेला बाकं दिली तेव्हा प्रत्येक बाकावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं, शाळेच्या नावापेक्षा मोठं. त्याला चांगलं दिसायचं होतं. मी हे तोंडावर बोलले आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

मग स्टेशनजवळ चार-चार मजल्यांच्या इमारती झाल्या. जगन्नाथने त्यांतले निम्मे ब्लॉक विकले असतील. इमारती झाल्या, नळाला पाणी नव्हतं. बांधणाऱ्या शेठने जगन्नाथला विचारलं की तुमच्या बावीचं पाणी टँकरला द्याल का. बाव दोघा भावांची. आमचे हे हो म्हणाले, कारण धाकटा भाऊ म्हणाला. मी नाही म्हटलं होतं. बावीतून रहाटाने पाणी काढणं वेगळं आणि पंपाने ओढणं वेगळं, पंपाने ओढलं की मागून खाडी आत येते, एवढं कळायला शाळा लागत नाही. जगन्नाथ म्हणाला, वयनी, त्या माणसांना मीच तिथं आणून बसवलंय, त्यांना पानी नको? पंप बसला. टँकर बांध फोडून केलेल्या रस्त्याने यायला लागले. पहिलं वर्ष काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी होळीनंतर डाळ शिजायला वेळ लागायला लागला, वाडीतल्या केळीच्या पानांच्या कडा करपल्या. मी म्हटलं पानी मचूळ लागतं. जगन्नाथ म्हणाला, उन्हाळा आहे, तळाचा गाळ आहे. शेजारच्या बावीही आमच्या मागोमाग मचूळ झाल्या. बाया हंडे घेऊन लांब जायला लागल्या आणि माझ्या दारावरून जाताना मोठ्याने बोलायला लागल्या. पाजलंन पानी जगन्याने, गावाला पाजलंन. ही थट्टा आता थट्टा राहिली नव्हती.

तरी तो गिऱ्हाईक आणतच होता. आता तो असं सांगायचा, की टँकरने तुमच्याकडे येणार ते हेच पाणी. त्या वैशाखात गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको आली. आयुष्यभराची शिल्लक ब्लॉकमध्ये घालायची होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. सोबत शेठचा माणूस होता. मी बावीपाशी भांडी घासत होते. जगन्नाथने पाणी काढलं, बॅगेतून ग्लास काढला, धुतला, बाईच्या हातात दिला. तिने एक घोट घेतला. तो गिळला नाही तिने लगेच. तोंडात धरून इकडेतिकडे बघितलं, थुंकायला जागा मिळते का, मग आमच्याकडे बघून भिडेने गिळला आणि म्हणाली, बरं आहे. शेठचा माणूस म्हणाला, एकदम मीठा पानी है, आप चलिए. जगन्नाथ त्या बाईकडे बघत होता. त्याने तिच्या हातातला ग्लास घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायला. गेल्या कित्येक दिवसांत तो आमच्याकडे पाणी प्यायलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग तो माझ्याकडे वळला.

"वयनी, पानी खारं झालं."

गिऱ्हाइकासमोर त्याने पानी म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शेठच्या माणसाने त्याचा दंड धरला. जगन्नाथने त्या जोडप्याला सरळ सांगितलं, की या पाण्यावर इथे राहायला येऊ नका, आधी नळ येऊ दे. ते निघून गेले. संध्याकाळी टँकर आला तेव्हा तो पांढऱ्या कपड्यांत बावीच्या कट्ट्यावर बसला होता. ड्रायव्हरला म्हणाला, पंप बंद, शेठला सांग. शेठ आला नाही, निरोप आला. काय निरोप ते त्याने सांगितलं नाही. महिन्याभरात टपरीवर दुसऱ्याचा बोर्ड लागला.

गावाने त्याला लगेच पोटाशी धरलं असं कोणी समजू नये. पंप बंद करून बाव गोड होत नाही. दोन वर्षं लोक बोलले नाहीत. सप्त्याच्या मंडळातून नाव गेलं. शाळेच्या बाकांवरचं नाव कोणीतरी खरवडलं. तेव्हा आमचे हे आजारी होते, त्यांना वाईट वाटलं. आमचं बघून बाकीच्या वाड्यांनीही टँकरसाठी पंप बसवले होते, ते चालूच होते, त्यांच्याविरुद्ध अर्ज घेऊन जगन्नाथ वसईला कचेरीत जायला लागला. आधी एकटा, मग चार माणसं सोबत. त्यांना न येणारी गोष्ट याला येत होती, साहेबासमोर ण लावून बोलायचं आणि कागद कुठे जातो ते ओळखायचं. ज्यांनी बोलणं टाकलं होतं तेच म्हणायला लागले, जगन्याला पुढं करा. धंदा नव्हता, तरी कपडे तसेच कडक. मी म्हटलं, गिऱ्हाईक नाय, इस्त्री कोनासाठी?

"साहेबाला वाटलं पायजे ना, की समोर एजंट बसलाय. मिठागरावरचा वाटला तर उभा ठेवतात."

तीन-चार वाड्यांतले पंप बंद झाले. सगळे नाही. टँकर दुसरीकडून यायला लागले. एवढंच झालं, यापेक्षा मोठं करून मी सांगणार नाही. पुढे लोक बोलायला लागले, हळूहळू गिऱ्हाइकंही आली, पण बावीवर त्याने पुन्हा कोणाला आणलं नाही. एका श्रावणात मीच म्हटलं की आता गोड लागतंय, आण तुझी माणसं, तुझं नाव पुन्हा होईल. खरंच गोड लागत होतं. कोणालाही फसवता आलं असतं, आणि मी तर फसवणूक म्हणूनही बोलले नव्हते. तो प्यायला, ग्लास पुसला, बॅगेत ठेवला.

"हे पावसाचं पानी, वयनी, बावीचं नाय. बावीचं होळीनंतर कळतं. गिऱ्हाईक काय फक्त श्रावणात राहनार हाय?"

तेव्हापासून दर वर्षी होळी झाली की तो यायचा. चपला घालून, बॅग घेऊन, एकटा. पाणी काढायचा, एक घोट घ्यायचा आणि म्हणायचा, अजून नाय. मग पडवीत बसून चहा घ्यायचा आणि दुसऱ्याच गोष्टी बोलायचा. या वर्षीही आला होता. दम लागत होता म्हणून रहाट मी ओढला. एक घोट घेतला. "अजून नाय. पन मागल्या सालापेक्षा बरं हाय." मला काही फरक वाटला नाही, तसं मी बोलले. तो म्हणाला, तुझी जीभ म्हातारी झाली. ती आमची शेवटची भेट.

त्याला चांगलं दिसायचं होतं, हे मी वर लिहिलं आहे आणि खोडत नाही. पण चांगलं दिसण्यासाठी माणूस एवढी वर्षं कोणी बघत नसताना एकटा येऊन खारं पाणी पितो का, याचं उत्तर मला देता येत नाही.

गेल्या आठवड्यात मधू आला. तोही आता हाच धंदा बघतो. मधू मुंबईच्या शाळेत शिकला, त्याच्या बोलण्यात ण आपोआप असतो, त्याला तो चढवावा लागत नाही. काखेत बापाचीच बॅग होती आणि मागे एक तरुण जोडपं, बाईच्या कडेवर मूल. मधू मला म्हणाला, "काकी, बाबा सांगायचे इथलं पाणी एकदम गोड होतं. आता परत झालं ना?" आणि त्याने बॅगेतून ग्लास काढला. माझं नाव घासून अर्धं गेलं होतं. ती बाई माझ्याकडे बघत होती. मी रहाटाकडे गेले. पाणी काढलं, ग्लास भरला, बाईने हात पुढे केला होता तिला न देता मधूच्या हातात दिला. तो प्यायला. घोट तोंडात धरून त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या मुलाकडे बघितलं, मग गिळला.

"नाय," तो म्हणाला. "अजून नाय."

जोडपं परत गेलं. मधू ग्लास बॅगेत ठेवायला लागला तो मी त्याच्या हातातून घेतला, राखेने घासला आणि बावीच्या कट्ट्यावर उपडा घातला. पुढच्या होळीनंतर ये म्हटलं, एकटा.